न्गुगी वा थिओंगो : कारागृहात मातृभाषेकडे वळलेला कादंबरीकार

हैदराबादेत २०१८ साली एका तेलुगू पुस्तकाचे प्रकाशन झाले. मूळ पुस्तक केनियातील एका लेखकाच्या बालपणाच्या आठवणींचे होते आणि ऐंशी वर्षांचा तो लेखक स्वतः समारंभाला उपस्थित होता. अनुवादक मात्र तेथे नव्हता. दिल्ली विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा हे त्या वेळी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात जन्मठेपेची शिक्षा भोगत होते. लेखकाला ही परिस्थिती अपरिचित नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी तोही आपल्या देशाच्या कारागृहात होता आणि तेथेच त्याच्या लेखनाने कायमचे वळण घेतले होते. त्या लेखकाचे नाव न्गुगी वा थिओंगो.

२८ मे २०२५ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी न्गुगी यांचे अमेरिकेत निधन झाले. नोबेल पारितोषिकाच्या संभाव्य मानकऱ्यांत त्यांचे नाव अनेक वर्षे घेतले जाई. ते पारितोषिक त्यांना मिळाले नाही. पण ज्या प्रश्नासाठी त्यांनी जगभरची कीर्ती पणाला लावली, तो प्रश्न हैदराबादेपासून पणजीपर्यंत प्रत्येक भाषिक समाजाला आपला वाटावा असा आहे. परकीय सत्तेने शिकवलेल्या भाषेत लिहून नावलौकिक मिळवलेल्या लेखकाने, ज्या लोकांविषयी तो लिहितो त्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहावे की नाही, हा तो प्रश्न.

लिमुरूचा मुलगा

न्गुगी यांचा जन्म ५ जानेवारी १९३८ रोजी केनियातील लिमुरूजवळच्या कामिरीथू या गावी झाला. नावातील ‘वा’ हा गिकुयू भाषेतील संबंधदर्शक शब्द आहे. ‘वा थिओंगो’ म्हणजे थिओंगोचा. वडिलांच्या चार पत्नी होत्या आणि न्गुगी यांची आई वांजिकू ही तिसरी. घर मोठे होते, जमीन मात्र हातची गेलेली होती. लिमुरूच्या परिसरातील सुपीक भूमीवर गोऱ्या वसाहतवाल्यांचे चहाचे मळे उभे राहिले होते आणि पिढ्यानपिढ्या तेथे राहणारे लोक त्याच मळ्यांवर मजुरी करीत होते. न्गुगी यांच्या जवळजवळ प्रत्येक कादंबरीत हा जमिनीचा प्रश्न येतो, तो या बालपणातून.

शिकायला पाठवण्याचा निर्णय आईचा होता. मुलगा शाळेत रमला. परंतु ऑक्टोबर १९५२ मध्ये ब्रिटिशांनी माऊ माऊ उठावाच्या विरोधात केनियात आणीबाणी पुकारली आणि शाळेचे रूप पालटले. न्गुगी यांनी पुढे वर्णन केले आहे की शाळेच्या आवारात गिकुयू बोलताना पकडलेल्या मुलाला छड्या खाव्या लागत, किंवा आपण मूर्ख आहोत असे लिहिलेली पाटी गळ्यात घालावी लागे. मुलांनीच एकमेकांची नावे सांगावीत अशी व्यवस्था होती. उलट इंग्रजीतील यशाला बक्षीस होते आणि पुढील शिक्षणाची सारी दारे त्याच एका विषयावर उघडत किंवा बंद होत. घरात, शेतात आणि रात्रीच्या गोष्टींत जी भाषा जिवंत होती, ती शाळेत अपराध ठरली.

याच काळात कुटुंबावर आघात झाले. एक थोरला भाऊ जंगलात जाऊन बंडखोरांना मिळाला. त्यापायी आईला पकडून तिचा छळ करण्यात आला. ऐकू न येणारा एक सावत्र भाऊ सैनिकाचा थांबण्याचा हुकूम ऐकू न आल्यामुळे गोळीला बळी पडला. न्गुगी स्वतः १९५५ मध्ये नामांकित अलायन्स हायस्कूलमध्ये दाखल झाले. पहिले सत्र संपवून ते घरी परतले तेव्हा गाव जागेवर नव्हते. ब्रिटिशांनी वस्ती जमीनदोस्त करून लोकांना पहाऱ्यातील नव्या वसाहतीत हलवले होते. शाळेच्या कुंपणाच्या आत शेक्सपिअर आणि बाहेर उद्ध्वस्त घर, असा हा अनुभव होता.

मकेरेरेची परिषद

१९५९ मध्ये ते युगांडातील कंपाला येथील मकेरेरे महाविद्यालयात गेले. पूर्व आफ्रिकेतील उच्च शिक्षणाचे ते प्रमुख केंद्र होते. जून १९६२ मध्ये तेथे इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. इंग्रजीत काही कथा प्रसिद्ध झाल्याच्या बळावर विद्यार्थिदशेतील न्गुगी यांना तिचे निमंत्रण मिळाले. नायजेरियाचे चिनुआ अचेबे तेथे आले होते. न्गुगी यांनी आपल्या कादंबरीचे हस्तलिखित त्यांच्या हाती दिले आणि त्यातून ‘वीप नॉट, चाइल्ड’ ही कादंबरी १९६४ मध्ये लंडनच्या हाइनमन प्रकाशनाने प्रसिद्ध केली. पूर्व आफ्रिकेतील लेखकाने इंग्रजीत लिहिलेली ही पहिली महत्त्वाची कादंबरी मानली जाते. त्या वेळी लेखकाचे नाव जेम्स न्गुगी असे छापले जाई.

या परिषदेकडे न्गुगी यांनी नंतर वेगळ्या दृष्टीने पाहिले. दोन-चार इंग्रजी कथा लिहिलेला विद्यार्थी तेथे आफ्रिकी लेखक म्हणून बसू शकला. परंतु स्वाहिलीतील थोर कवी शाबान रॉबर्ट किंवा योरुबा भाषेतील कादंबरीकार फागुन्वा यांना त्या निकषावर जागा नव्हती. आफ्रिकी साहित्य म्हणजे काय याची व्याख्याच युरोपीय भाषेच्या आधाराने केली गेली होती.

१९६५ मध्ये ‘द रिव्हर बिट्वीन’ आणि १९६७ मध्ये ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’ प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात असताना लिहिलेल्या या तिसऱ्या कादंबरीने त्यांची गणना प्रमुख लेखकांत झाली. केनियाच्या स्वातंत्र्याच्या पूर्वसंध्येला एका खेड्यातील माणसे एकत्र येतात. ज्याला सारे वीर मानतात तोच सहकाऱ्याचा घात करणारा निघतो, असे तिचे कथासूत्र. स्वातंत्र्य मिळाले, पण कोणाला मिळाले, हा प्रश्न येथून त्यांच्या लेखनात शिरला.

नैरोबीच्या विद्यापीठात अध्यापन करताना १९६८ मध्ये त्यांनी हेन्री ओवुओर-अन्युंबा आणि तबान लो लियोंग या सहकाऱ्यांसह इंग्रजी विभाग बरखास्त करण्याची मागणी केली. इंग्रजी वाङ्मय शिकवू नये असा तिचा अर्थ नव्हता. आफ्रिकेतील विद्यापीठात आफ्रिकेचे साहित्य, त्यातही मौखिक परंपरा, मध्यभागी असावी आणि इतर साहित्यांचा अभ्यास तिच्या संबंधाने व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्यांनी ‘जेम्स’ हे नावही टाकले.

नाटक आणि अटक

१९७७ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही इंग्रजी कादंबरी आली. स्वतंत्र केनियातील नव्या धनिकांवरची ती कठोर टीका होती. सरकारने तिच्यावर कारवाई केली नाही. त्याच सुमारास कामिरीथूच्या गावकऱ्यांनी आपल्या सामुदायिक केंद्रासाठी नाटक मागितले. न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी मिळून गिकुयू भाषेत ‘न्गाहिका न्देंदा’ हे नाटक लिहिले; शीर्षकाचा अर्थ, मला हवे तेव्हा मी लग्न करीन. कारखान्यातील मजूर, शेतकरी, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांनीच भूमिका केल्या. संहितेतील चुका त्यांनी दाखवल्या, म्हातारे माणूस कसे बोलते हे लेखकांना शिकवले, आणि उघड्यावरचे मोठे नाट्यगृह स्वतःच्या हातांनी बांधले. तालमी सर्वांदेखत होत आणि प्रेक्षक दूरदूरच्या गावांतून येत.

नोव्हेंबर १९७७ मध्ये सरकारने या नाटकाचा परवाना रद्द केला. ३१ डिसेंबर रोजी न्गुगी यांना अटक झाली. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हते, खटला नव्हता. स्थानबद्धतेचा हुकूम पुरेसा होता. इंग्रजीतील तीक्ष्ण कादंबरी खपवून घेणाऱ्या सत्तेला शेतकऱ्यांच्या भाषेतील नाटक सहन झाले नाही, हा फरक न्गुगी यांच्या नजरेतून सुटला नाही. भाषेविषयीचा त्यांचा पुढचा सारा विचार या अनुभवातून उभा राहिला.

कामिती येथील कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात त्यांनी एक वर्ष काढले. ते तेथे असताना त्यांना कन्या झाली. तिची पहिली ओळख पत्रातून आलेल्या छायाचित्राने झाली. तेथेच त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिण्याचे ठरवले. कागद मिळत नव्हता, म्हणून कैद्यांना दिल्या जाणाऱ्या शौचकागदावर ती लिहिली. तो कागद खरखरीत होता. शरीराला त्रासदायक, पण लेखणीला सोयीचा, असे त्यांनी नोंदवले आहे. एका झडतीत हस्तलिखित जप्त झाले आणि सुमारे तीन आठवड्यांनी परत मिळाले. १९८० मध्ये ‘शैतानी मुथाराबा-इनी’ या नावाने ही कादंबरी प्रसिद्ध झाली. क्रुसावरचा सैतान असा त्या नावाचा अर्थ आहे. अरबीतून निघालेला ‘शैतान’ हा शब्द स्वाहिलीमार्गे गिकुयूत पोचला आणि आपल्याकडे तो मराठीत रुजला. चोर आणि लुटारूंची स्पर्धा भरते आणि प्रत्येक जण आपण जनतेला कसे लुटले याच्या बढाया मारतो, असा तिचा विडंबनात्मक प्रसंग प्रसिद्ध आहे.

पुस्तक घराघरांत आणि मद्यालयांत मोठ्याने वाचले जाऊ लागले. ज्यांना अक्षरओळख नव्हती ते ऐकत. छापील कादंबरी मौखिक परंपरेत परतली. गिकुयूत कादंबरीला वाचक मिळणार नाही, ही शंका त्यामुळे निराधार ठरली.

राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांच्या मृत्यूनंतर, डिसेंबर १९७८ मध्ये, न्गुगी यांची सुटका झाली होती. पण विद्यापीठातील नोकरी परत मिळाली नाही. १९८२ मध्ये कामिरीथूचे नाट्यगृह पोलिसांनी पाडले. त्याच वर्षी परदेशात असताना मायदेशी परतल्यास धोका असल्याचे कळले आणि दीर्घ निर्वासन सुरू झाले. १९८६ मध्ये त्यांची ‘मातिगारी’ ही गिकुयू कादंबरी आली. न्याय कोठे मिळेल असे विचारत देशभर हिंडणारा मातिगारी हा तिचा नायक लोकांच्या बोलण्यात इतका आला, की तो खराच कोणी माणूस आहे असे समजून पोलिसांनी त्याचा शोध सुरू केला. तो पुस्तकातला आहे हे उमगल्यावर पुस्तकाच्या प्रती जप्त करण्यात आल्या.

मनाची वसाहत

१९८६ मध्येच ‘डिकॉलनायझिंग द माइंड’ हा निबंधसंग्रह प्रसिद्ध झाला. भाषा दोन कामे करते, असे न्गुगी सांगतात. ती व्यवहाराचे साधन आहे आणि ती संस्कृतीची वाहकही आहे. मुलाच्या शिक्षणाची भाषा त्याच्या घरच्या भाषेपासून तोडली की ते मूल स्वतःकडे बाहेरून पाहायला शिकते. बंदुकीने भूमी ताब्यात येते, मन ताब्यात येण्यासाठी शाळा लागते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. पुढे कथा-कादंबरी केवळ गिकुयूत लिहायची आणि नंतर हवा तर अनुवाद करायचा, असे त्यांनी ठरवले व ते पाळले.

या भूमिकेला विरोध झाला. इंग्रजी आपल्यापर्यंत इतिहासाने आणली आहे, तिला आपल्या अनुभवाप्रमाणे वाकवून वापरू, असे अचेबे यांचे मत होते. नायजेरियासारख्या शेकडो भाषांच्या देशात इंग्रजी हाच समान दुवा आहे, हा युक्तिवाद हलका नव्हता. न्गुगी यांचे उत्तर अनुवादाचे होते. एका आफ्रिकी भाषेतून दुसरीत थेट पूल बांधावेत, प्रत्येक वेळी युरोपीय भाषेच्या जकातनाक्यावरून जाण्याची गरज नाही. तरीही त्यांच्या स्वतःच्या कीर्तीचा मोठा भाग इंग्रजी पुस्तकांवर आणि अमेरिकी विद्यापीठांतील अध्यापनावर उभा होता, ही विसंगती त्यांच्या टीकाकारांनी दाखवली आहे.

२००४ मध्ये, बावीस वर्षांनी, ते केनियात परतले. स्वागत प्रचंड झाले; पण काही दिवसांतच नैरोबीतील निवासस्थानी सशस्त्र हल्लेखोरांनी त्यांच्यावर आणि पत्नी न्जेरी यांच्यावर हल्ला केला. त्यानंतर त्यांची विस्तृत गिकुयू कादंबरी स्वतःच्याच इंग्रजी अनुवादात ‘विझर्ड ऑफ द क्रो’ म्हणून २००६ मध्ये आली. २०२१ मध्ये ‘द परफेक्ट नाइन’ या पद्यकथेला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाच्या प्राथमिक यादीत स्थान मिळाले. आफ्रिकेच्या देशी भाषेतून अनुवादित झालेली त्या यादीतील ती पहिली कृती. अखेरच्या काळात त्यांच्या प्रतिमेवर एक सावलीही पडली. २०२४ मध्ये त्यांचे पुत्र आणि लेखक मुकोमा यांनी, वडिलांनी आपल्या आईला मारहाण केल्याचा आरोप जाहीरपणे केला.

हैदराबादचा दुवा

न्गुगी यांचे हैदराबादशी नाते २०१८ च्या कितीतरी आधीचे आहे. १९८० च्या दशकात तुरुंगात असताना तेलुगू कवी वरवरा राव यांनी क्रुसावरच्या सैतानाची ती कादंबरी तेलुगूत आणली. शौचकागदावर लिहिलेल्या पुस्तकाला दुसऱ्या एका कोठडीत अनुवादक मिळाला. वरवरा राव यांच्या तुरुंगातील पत्रांचा इंग्रजी संग्रह पुढे निघाला तेव्हा त्याची प्रस्तावना न्गुगी यांनी लिहिली.

साईबाबा यांनी उच्च शिक्षण हैदराबाद विद्यापीठात घेतले होते. बालपणी पोलिओ झाल्यामुळे ते चाकांच्या खुर्चीवर होते. मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून त्यांना जन्मठेप सुनावली. ५ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हैदराबादच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. मूळ लेखक आणि अनुवादक सुमारे साडेसात महिन्यांच्या अंतराने गेले.

हैदराबादला भाषेचा प्रश्न नवा नाही. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. भारतीय भाषेतून चालणाऱ्या पहिल्या आधुनिक विद्यापीठांपैकी ते एक. त्यासाठी अनुवाद संस्था स्थापन झाली आणि विज्ञान, वैद्यक, कायदा या विषयांची परिभाषा घडवली गेली. भारतीय भाषा उच्च ज्ञानाचा भार पेलू शकत नाही, या समजुतीला दिलेले ते ठोस उत्तर होते. परंतु निजामाच्या राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत होती. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला उर्दू ही इंग्रजीइतकी परकी नसली तरी घरचीही नव्हती. ती सत्तेची भाषा होती. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उर्दू माध्यम गेले, पण त्या जागी तेलुगू किंवा मराठी आली नाही, इंग्रजी आली. भाषा देशी असली म्हणजे ती आपोआप लोकांची होतेच असे नाही, हे न्गुगी यांच्या विचाराला पूरक ठरणारे सत्य या इतिहासात आहे.

गोव्याच्या वाचकाला

गोमंतकाशीही या कथेचे धागे जुळतात. ज्या माऊ माऊ लढ्यात न्गुगी यांचे घर होरपळले, त्या लढ्याला साहाय्य केल्याबद्दल पिओ गामा पिंटो या गोमंतकीय वंशाच्या कार्यकर्त्याला ब्रिटिशांनी अनेक वर्षे स्थानबद्ध ठेवले होते. तरुणपणी भारतात असताना पिंटो गोवामुक्तीच्या कामातही सहभागी होते. स्वतंत्र केनियात, २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, नैरोबीत त्यांची हत्या झाली. न्गुगी यांच्या साहित्यावरील समीक्षालेखांचा एक महत्त्वाचा संग्रह पीटर नाझारेथ यांनी संपादित केला. कंपाला येथे जन्मलेले, मकेरेरेतच शिकलेले आणि स्वतः कादंबरीकार असलेले नाझारेथ हेही गोमंतकीय वंशाचे. आफ्रिकेत गेलेला गोमंतकीय हा केवळ कारकून किंवा आचारी नव्हता, याची ही दोन उदाहरणे.

पण खरा दुवा भाषेचाच आहे. १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने कोकणीच्या वापरावर बंदी घातली. लोकांनी भाषा घरात, देवळात, चर्चमध्ये आणि गाण्यात जपली. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या वापराची तरतूद केली. त्याविषयीचे वाद अजून मिटलेले नाहीत आणि प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्नही वारंवार पेटतो. न्गुगी यांच्या आयुष्याने या वादांचा निकाल लागत नाही. मात्र त्यांचा प्रश्न थोडा वेगळ्या जागी उभा असतो. कोणती भाषा श्रेष्ठ, असे ते विचारीत नाहीत. मुलाने शाळेत पाऊल टाकताना घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवावी अशी अपेक्षा कोण करते आणि त्यातून कोणाचा लाभ होतो, असे ते विचारतात.

शाळेत ज्या भाषेसाठी छडी बसे, त्याच भाषेतील कृती पुढे आंतरराष्ट्रीय पारितोषिकाच्या यादीपर्यंत गेली. या प्रवासाला पासष्ट वर्षांहून अधिक काळ लागला. त्यातील एक टप्पा कामितीच्या कोठडीत आणि एक नागपूरच्या कारागृहात पार पडला.